हॅरी मार्शल वॉर्ड

हॅरी मार्शल वॉर्ड (जन्म : २१ मार्च १८५४, हेरफर्ड, इंग्लंड, मृत्यू : २६ ऑगस्ट १९०६, टॉर्की, इंग्लंड) हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ व कवकशास्त्रज्ञ होते. वनस्पतींच्या रोगांचा प्रायोगिक अभ्यास रुजविणाऱ्या आद्य शास्त्रज्ञांमध्ये त्यांची गणना होते. १८८० ते १८८२ या काळात त्यांनी सिलोनमध्ये (आताचे श्रीलंका) कॉफीच्या पानांवरील तांबेरा रोगाचा अभ्यास करून त्याला कारणीभूत असलेल्या कवकाचा जीवनक्रम उलगडला. या संशोधनामुळे सिलोनची कॉफी वाचली नाही. मात्र कॉफीच्या झाडाचे रोगापासून रक्षण कसे करावे, याविषयीच्या पुढील शास्त्रीय विचाराचा पाया त्यातून घातला गेला. पुढे ते केंब्रिज विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. हिमालय व आसामच्या सीमावर्ती प्रदेशात वनस्पतिसंग्रह करणारे संशोधक फ्रँक किंग्डन-वॉर्ड हे त्यांचे पुत्र होत.

सुरुवातीचे जीवन व शिक्षण

वॉर्ड यांचे वडील फ्रान्सिस मार्शल वॉर्ड हे व्यवसायाने संगीतकार होते. घरची परिस्थिती बेताची असल्याने हॅरी यांचे शालेय शिक्षण लवकर थांबले. शिक्षक होण्याच्या उद्देशाने त्यांनी विज्ञानाचा अभ्यास सुरू केला आणि त्यातूनच ते लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथील वर्गांपर्यंत पोहोचले. तेथे टॉमस हेन्री हक्सली यांच्या पुढाकाराने जीवशास्त्राचे शिक्षण नव्या पद्धतीने दिले जात होते. विद्यार्थ्याने केवळ व्याख्यान न ऐकता स्वतः विच्छेदन करावे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे आणि जे दिसले ते रेखाटावे, असा त्या पद्धतीचा आग्रह होता. वॉर्ड यांच्या पुढील संपूर्ण कार्यावर या शिस्तीची छाप दिसते.

मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात काही काळ शिकल्यानंतर १८७६ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात प्रवेश घेतला. १८७९ मध्ये निसर्गविज्ञानाच्या परीक्षेत ते प्रथम वर्गात उत्तीर्ण झाले. त्यानंतर ते जर्मनीत वुर्झबुर्ग येथे वनस्पती-शरीरक्रियाशास्त्राचे ख्यातनाम अभ्यासक युलियुस फॉन झाक्स यांच्या प्रयोगशाळेत गेले. त्या काळात वनस्पतिशास्त्रात काही नवे करू इच्छिणाऱ्या इंग्रज तरुणाला जर्मनीची वाट धरावीच लागे. इंग्लंडमधील वनस्पतिशास्त्र तेव्हा मुख्यतः वनस्पतींची ओळख, वर्णन आणि वर्गीकरण यांत गुंतलेले होते. वनस्पती जगते कशी, आजारी का पडते, हे प्रश्न प्रयोगशाळेत नेऊन सोडविण्याची परंपरा जर्मनीत तयार झाली होती. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकाचा नाश करणाऱ्या करप्याचे कारण एक परजीवी आहे, हे १८६१ मध्ये आंटोन डी बारी यांनी प्रयोगाने दाखविले होते. तरीही कवक हे रोगाचे कारण नसून आधीच दुबळ्या झालेल्या झाडावर उगवणारे रोगाचे लक्षण आहे, असे मानणारे शेतकरी आणि अभ्यासकही पुष्कळ होते.

सिलोनची कॉफी आणि तांबेरा

सिलोनच्या मध्यवर्ती डोंगराळ भागात, विशेषतः कँडीच्या परिसरात, १८३०च्या दशकापासून इंग्रज मळेवाल्यांनी अरेबिका कॉफीची लागवड मोठ्या प्रमाणावर सुरू केली. मूळचे जंगल तोडून व जाळून डोंगरउतार मोकळे केले जात आणि त्यांवर एका मळ्याला लागून दुसरा मळा अशी कॉफीची सलग रांग उभी राही. मळ्यांवरचे बहुतेक मजूर दक्षिण हिंदुस्थानातील तमिळ प्रदेशातून हंगामासाठी येत. १८६७ मध्ये कोलंबो ते कँडी हा लोहमार्ग सुरू झाला आणि कॉफीची वाहतूक सोपी झाली. १८७०च्या सुमारास सिलोनमधून वर्षाला दहा कोटी पौंडांच्या घरात कॉफी निर्यात होत होती. वसाहतीचा महसूल, बँका, रेल्वे आणि बंदर या सर्वांचा आधार हे एकच पीक होते.

१८६९ मध्ये मादुलसिमा भागातील मळ्यांवर कॉफीच्या पानांच्या खालच्या बाजूस नारिंगी भुकटीचे ठिपके दिसू लागले. पेरादेनिया येथील वनस्पती उद्यानाचे संचालक जॉर्ज थ्वेट्स यांनी रोगट पानांचे नमुने इंग्लंडला पाठविले. माइल्स बर्कली आणि क्रिस्टोफर ब्रूम या कवकशास्त्रज्ञांनी त्याच वर्षी त्यांचे वर्णन करून कवकाला हेमिलेइया व्हॅस्टॅट्रिक्स असे नाव दिले. या कवकाच्या बीजाणूचा आकार संत्र्याच्या फोडीसारखा असतो; त्याची फुगीर बाजू काटेरी आणि दुसरी बाजू गुळगुळीत असते. अर्धे गुळगुळीत या अर्थाचे प्रजातिनाम त्यावरून पडले, तर व्हॅस्टॅट्रिक्स म्हणजे उजाड करणारी. हे नाव किती यथार्थ आहे, हे पुढील वीस वर्षांत सिद्ध झाले.

प्रारंभी रोगाकडे फारसे गांभीर्याने पाहिले गेले नाही. पाने गळत, पण झाड मरत नसे. काही आठवड्यांनी नवी पालवी फुटे आणि मळा पुन्हा हिरवा दिसे. याच काळात जागतिक बाजारात कॉफीचे भाव चढे राहिले. त्यामुळे एकरी उत्पादन घटत असतानाही नवी जंगले तोडून लागवड वाढविली जात होती. १८७८ मध्ये कॉफीखालील क्षेत्र पावणेतीन लाख एकरांवर पोहोचले; एकरी उत्पादन मात्र रोगापूर्वीच्या मानाने निम्म्यापर्यंत घसरले होते. मळेवाले हवामानाला, निकस झालेल्या जमिनीला, अपुऱ्या खताला किंवा जुन्या झालेल्या बियाण्याला दोष देत. पेरादेनिया उद्यानाचे सहायक संचालक डॅनियल मॉरिस यांनी १८७९ च्या सुमारास झाडांवर गंधक व चुन्याची भुकटी टाकण्याचे प्रयोग केले. झाडाच्या सालीवर व पानांवर दिसणारे तंतू ही याच कवकाची सुप्त अवस्था आहे आणि ती नष्ट केल्यास रोग थांबेल, अशी त्यांची धारणा होती. मॉरिस यांची जमैकाला बदली झाल्याने हे काम अर्धवट राहिले. त्यानंतर सिलोन सरकारने केवळ या रोगाच्या अभ्यासासाठी एका तज्ज्ञाची दोन वर्षांसाठी नेमणूक करण्याचे ठरविले. या शासकीय अपुष्प वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पदावर वॉर्ड यांची निवड झाली.

पेरादेनिया येथील संशोधन

वॉर्ड १८८० च्या प्रारंभी सिलोनमध्ये दाखल झाले. इलाज शोधण्यापूर्वी रोगाचा संपूर्ण जीवनक्रम समजून घेतला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. मळेवाल्यांना मात्र तातडीने औषध हवे होते. या दोन अपेक्षांमधील अंतर त्यांच्या दोन्ही वर्षांच्या वास्तव्यात कायम राहिले.

कॉफीच्या पानावर बीजाणू पडल्यानंतर काय होते, हा वॉर्ड यांचा पहिला प्रश्न होता. त्यांनी बीजाणू पाण्याच्या थेंबात मिसळून निरोगी पानांवर ठेवले आणि ठरावीक वेळाने पानांचे पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. कोरड्या पृष्ठभागावर बीजाणू रुजत नाहीत. त्यांना पाण्याचा थेंब लागतो, असे आढळले. पाणी मिळताच काही तासांत बीजाणूतून नलिका फुटते आणि पृष्ठभागावरून वाढत जाऊन पर्णरंध्रातून पानाच्या आत शिरते. कॉफीच्या पानाची रंध्रे खालच्या बाजूस असल्याने संसर्गही त्याच बाजूने होतो. वरच्या बाजूस ठेवलेले बीजाणू रुजले तरी त्यांना आत शिरता येत नाही. आत शिरलेले कवक पेशींच्या मधल्या पोकळ्यांमध्ये पसरते, आपली शोषकांगे पेशींत घुसवून अन्न घेते आणि सुमारे दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा रंध्रांतून बाहेर येऊन नव्या बीजाणूंचे झुपके तयार करते. पानाच्या खालच्या बाजूस दिसणारी नारिंगी भुकटी म्हणजे हेच बीजाणू. एका ठिपक्यातून ते लाखाच्या संख्येने बाहेर पडू शकतात.

या निरीक्षणांमुळे तोपर्यंतच्या अनेक कल्पना मोडीत निघाल्या. सालीवर दिसणारे तंतू हे इतर निरुपद्रवी कवकांचे असून हेमिलेइयाशी त्यांचा संबंध नाही, हे वॉर्ड यांनी दाखवून दिले. मॉरिस यांच्या उपचारपद्धतीचा आधारच त्यामुळे नाहीसा झाला. ठिपका पडलेले पान जर आधी निरोगी होते आणि त्यावर बीजाणू ठेवल्यानेच रोग झाला, तर जमीन निकस होणे किंवा झाड म्हातारे होणे हे रोगाचे मूळ कारण असू शकत नाही, हेही ओघानेच सिद्ध झाले. जोमदार आणि अशक्त अशा दोन्ही प्रकारच्या झाडांना संसर्ग सारख्याच सहजतेने होत होता.

रोगट झाडाचे उत्पादन का घटते, याचे वॉर्ड यांनी दिलेले स्पष्टीकरण कॉफीच्या शेतीशास्त्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. कवक झाडात विष सोडते, असे मानण्याची गरज त्यांना वाटली नाही. पान हे झाडाचे अन्न तयार करण्याचे ठिकाण आहे. ठिपक्यांनी व्यापलेले पान कमी अन्न तयार करते आणि अकाली गळते. अरेबिका कॉफीला फळ धरते ते आधीच्या हंगामात वाढलेल्या कोवळ्या फांद्यांवर. पाने गेली की या फांद्यांची वाढ खुंटते आणि नुकसान पुढच्या वर्षीच्या पिकात दिसते. रोग आणि पिकाची घट यांत असे अंतर पडत असल्याने मळेवाल्यांना दोहोंचा संबंध लक्षात येत नव्हता. भरपूर खत घातल्याने झाड नवी पालवी धरते व काही काळ तग धरते, हे वॉर्ड यांना मान्य होते. परंतु तीच पालवी कवकालाही नवे खाद्य पुरविते, हेही ते जाणून होते.

रोग पसरतो कसा, याचाही त्यांनी शोध घेतला. ग्लिसरीन लावलेल्या काचपट्ट्या मळ्यांमध्ये उघड्यावर ठेवून त्यांनी हवेत तरंगणारे बीजाणू पकडले. वारा हे प्रसाराचे प्रमुख साधन असल्याचा तो प्रत्यक्ष पुरावा होता. पाऊस, वाऱ्याची दिशा आणि नवी पालवी फुटण्याचा काळ यांची सांगड घालून रोग वर्षातील ठरावीक काळातच का उसळतो, हेही त्यांनी स्पष्ट केले. सिलोनच्या डोंगरांवर नैर्ऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी वारे पाऊस आणतात. ओल, वारा आणि कोवळे पान या तिन्ही गोष्टी कवकाला वर्षातून एकाहून अधिक वेळा एकत्र मिळत होत्या.

गहू व इतर धान्यांवरील तांबेऱ्याची कवके आपला जीवनक्रम दोन वेगवेगळ्या यजमान वनस्पतींवर पूर्ण करतात, हे डी बारी यांनी पूर्वीच दाखविले होते. हेमिलेइयाही याच गटातील आहे, हे वॉर्ड यांच्या कामातून पक्के झाले. त्यांना या कवकाचे दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे हिवाळी बीजाणू आढळले आणि ते रुजताना त्यांनी पाहिले. मात्र त्यांपासून निघालेल्या सूक्ष्म बीजाणूंनी कॉफीच्या पानाला संसर्ग होईना. तेव्हा एखादी दुसरी यजमान वनस्पती असावी, असा तर्क करून त्यांनी तिचा शोध घेतला. त्यात यश आले नाही.

निष्कर्ष, शिफारशी आणि मळेवाल्यांची निराशा

वॉर्ड यांनी सरकारला एकूण तीन अहवाल सादर केले. त्यांतील निष्कर्ष मळेवाल्यांच्या दृष्टीने प्रतिकूल होते. कवक एकदा पानाच्या आत शिरले की पान न मारता त्याला मारता येत नाही. म्हणून उपचार करावयाचा तर तो संसर्गापूर्वी केला पाहिजे आणि औषध पानाच्या खालच्या बाजूस, बीजाणू रुजण्याच्या वेळी तेथे हजर असले पाहिजे. गंधक व चुन्याचा उपयोग या मर्यादेत होऊ शकतो, असे त्यांचे मत होते. प्रत्यक्षात मोसमी पावसात भुकटी धुऊन जाई आणि उंच डोंगरउतारांवरील लक्षावधी झाडांच्या पानांखाली ती पुनःपुन्हा मारण्याचा खर्च कोणालाही पेलणारा नव्हता. बीजाणू वाऱ्याबरोबर येत असल्याने शेजारचा मळा रोगट राहिला तर एका मळ्यातील उपचार टिकणार नव्हता.

त्यांचा दुसरा निष्कर्ष अधिक मूलभूत होता. हेमिलेइया सिलोनमध्ये एवढी माजली, याचे कारण तिचा स्वभाव जितका तितकेच तिला मिळालेले खाद्य हेही होते. मिश्र जंगलात एका जातीची झाडे विखुरलेली असतात आणि एका झाडावरून उडालेले बहुतेक बीजाणू वाया जातात. सिलोनमध्ये जंगलाचा अडसर काढून टाकून मैलोन्‌मैल एकाच जातीची झाडे लावलेली होती. वाऱ्याला मोकळी वाट आणि प्रत्येक बीजाणूला कॉफीचे पान मिळत होते. म्हणून मळ्यांच्या मधून वारारोधक झाडांचे पट्टे राखावेत, असे त्यांनी सुचविले. एकपीक पद्धती आणि साथीचे रोग यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे मांडणाऱ्या पहिल्या अभ्यासकांमध्ये वॉर्ड यांचे नाव घेतले जाते. परंतु पावणेतीन लाख एकरांवर लागवड झाल्यानंतर आलेला हा सल्ला अमलात आणणे म्हणजे उभे मळे तोडणे होते. तो ऐकण्याच्या स्थितीत कोणी नव्हते.

इलाज घेऊन येईल अशी ज्याच्याकडून अपेक्षा होती, तो शास्त्रज्ञ रोगाचे वर्णन करून परत चालला, अशी भावना मळेवाल्यांमध्ये होती. ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. त्यांची कर्जे आणि संसार या पिकावर उभे होते. पण वॉर्ड यांच्या हाती देण्यासारखे औषधच तेव्हा अस्तित्वात नव्हते. मोरचूद आणि चुना यांपासून बनविलेल्या बोर्डो मिश्रणाचा उपयोग फ्रान्समध्ये पियेर मिलार्दे यांनी द्राक्षवेलींवरील केवडा रोगासाठी प्रसिद्ध केला तो १८८५ मध्ये, म्हणजे वॉर्ड सिलोन सोडून गेल्यानंतर तीन वर्षांनी. संसर्गापूर्वी पानावर टिकून राहणारे औषध हवे, ही वॉर्ड यांची अट त्या मिश्रणाने पूर्ण होत होती. तोपर्यंत सिलोनमध्ये वाचविण्याजोगी कॉफी फारशी उरली नव्हती.

१८८४ मध्ये कॉफीच्या व्यापारात पैसे गुंतविलेली ओरिएंटल बँक बुडाली. १८८०च्या दशकाच्या अखेरीस सिलोनची कॉफी निर्यात भरभराटीच्या काळाच्या एक दशांशाहूनही कमी झाली. मळेवाल्यांनी प्रथम सिंकोनाची आणि नंतर चहाची लागवड केली. जेम्स टेलर यांनी १८६७ मध्ये लूलेकोंदेरा येथे लावलेल्या चहाच्या छोट्या मळ्याचे महत्त्व आता सर्वांना उमगले. १८९०च्या दशकात चहाखालील क्षेत्र तीन लाख एकरांपर्यंत वाढले. चहाची खुडणी वर्षभर चालत असल्याने पूर्वी हंगामापुरते येणारे तमिळ मजूर आता कुटुंबांसह मळ्यांवर कायमचे राहू लागले. एका पीकरोगाने बेटाच्या समाजरचनेत घडविलेला हा बदल आजही श्रीलंकेत दिसतो. चहाचीही लागवड पूर्वीसारखीच, सलग आणि एकाच पिकाची झाली.

इंग्लंडमध्ये पुनरागमन

सिलोनहून परतल्यावर वॉर्ड यांनी काही काळ स्ट्रासबुर्ग येथे डी बारी यांच्या प्रयोगशाळेत काम केले. हेमिलेइयाच्या जीवनक्रमावरील त्यांचे शोधनिबंध १८८२ मध्ये इंग्लंडमधील वैज्ञानिक नियतकालिकांत प्रसिद्ध झाले व त्यांचे नाव अभ्यासकांत सर्वतोमुखी झाले. त्यानंतर ते मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात अध्यापन करू लागले. १८८३ मध्ये त्यांचा विवाह सेलिना मेरी किंग्डन यांच्याशी झाला.

१८८५ मध्ये कूपर्स हिल येथील रॉयल इंडियन इंजिनिअरिंग कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. हिंदुस्थानातील सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी अभियंते तयार करणाऱ्या या संस्थेत त्याच वर्षी वनविद्येचा अभ्यासक्रमही सुरू झाला होता. हिंदुस्थानच्या वन खात्यात जाणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना झाडांची रचना आणि त्यांचे रोग शिकविण्याचे काम वॉर्ड यांनी दहा वर्षे केले. इमारती लाकूड व त्याचे रोग या विषयावरील त्यांचे पुस्तक याच अध्यापनातून तयार झाले. झाक्स यांच्या वनस्पती-शरीरक्रियाशास्त्रावरील व्याख्यानांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

कूपर्स हिलचा काळ संशोधनाच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी ठरला. द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठी जमिनीतून होणाऱ्या संसर्गामुळे तयार होतात, हे त्यांनी १८८७ मध्ये घेवड्याच्या वर्गातील एका पिकावर प्रयोग करून दाखविले. संसर्ग करणारा जीव कवक असावा हा त्यांचा अंदाज मात्र चुकला. तो जीवाणू असल्याचे पुढच्याच वर्षी मार्टिनुस बायरिंक यांनी सिद्ध केले. लिलीच्या एका रोगावरील अभ्यासात कवक पेशीभित्तिका विरघळविणारा स्राव सोडून आत शिरते, असे त्यांना आढळले. घरगुती आल्याची बिअर बनविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दाणेदार विरजणाचा अभ्यास करून ते यीस्ट व जीवाणू यांचे सहजीवन असल्याचे त्यांनी १८९२ मध्ये दाखवून दिले. टेम्स नदीच्या पाण्यातील जीवाणूंवर संशोधन करताना प्रकाशातील निळ्या-जांभळ्या किरणांनी जीवाणू मरतात, हेही त्यांनी सिद्ध केले. १८८८ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले, १८९० मध्ये सोसायटीचे क्रूनियन व्याख्यान देण्याचा मान त्यांना मिळाला आणि १८९३ मध्ये त्यांना रॉयल मेडल प्रदान करण्यात आले.

केंब्रिज

१८९५ मध्ये वॉर्ड केंब्रिज विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. विभागाची इमारत अपुरी होती. नव्या इमारतीसाठी त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि १९०४ मध्ये राजे सातवे एडवर्ड यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. १९०० ते १९०२ या काळात ते ब्रिटिश मायकॉलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष होते.

केंब्रिजमध्ये ते पुन्हा तांबेऱ्याकडे वळले, या वेळी ब्रोम नावाच्या गवतांवरील. बाह्यतः एकसारखे दिसणारे तांबेऱ्याचे कवक प्रत्यक्षात वेगवेगळ्या यजमान जातींशी जुळवून घेतलेल्या अनेक वाणांचे असते, आणि एखादी गवताची जात रोगाला बळी पडते की नाही हे तिच्या पानांच्या बाह्य रचनेवर नव्हे तर पेशींमधील आंतरिक गुणधर्मांवर अवलंबून असते, असे त्यांना दिसून आले. कवक धान्याच्या बियांमध्येच जीवद्रव्यात मिसळून सुप्त राहते, हा स्वीडनमधील याकोब एरिकसन यांचा सिद्धान्त त्यांनी पेशींच्या सूक्ष्म निरीक्षणांच्या आधारे खोडून काढला. एका यजमानावर वाढणारा वाण मधल्या एखाद्या जातीच्या आधाराने दुसऱ्या यजमानाकडे जाऊ शकतो, ही त्यांची सेतू-जातींची कल्पना मात्र नंतरच्या संशोधकांच्या प्रयोगांत टिकली नाही.

रोगप्रतिकारशक्ती झाडाच्या आत असते, हा विचार सिलोनमध्ये त्यांच्या हाती नव्हता. तेथे सर्व मळ्यांवर जवळपास एकाच प्रकारची कॉफी होती आणि तुलनेला दुसरे वाण नव्हते. केंब्रिजमध्ये त्यांच्या विभागात काम केलेल्या रोलंड बिफेन यांनी १९०५ मध्ये गव्हातील पिवळ्या तांबेऱ्याची प्रतिकारशक्ती मेंडेलच्या नियमांनुसार पुढील पिढीत उतरते, हे दाखविले आणि रोगप्रतिकारक वाणांच्या शास्त्रीय पैदाशीचा मार्ग खुला केला.

विद्यार्थी व सामान्य वाचक यांच्यासाठी वॉर्ड यांनी बरेच लेखन केले. ओक वृक्ष, गवते आणि वनस्पतींचे रोग यांवरील त्यांची पुस्तके लोकप्रिय झाली. वृक्षांवरील बहुखंडी ग्रंथाचे काम त्यांनी अखेरच्या वर्षांत हाती घेतले होते. प्रकृती खालावत असतानाही त्यांनी काम थांबविले नाही. २६ ऑगस्ट १९०६ रोजी टॉर्की येथे वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. केंब्रिज येथे त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्या प्राध्यापकपदावर ए. सी. सीवर्ड यांची नेमणूक झाली.

कॉफी संशोधनातील पुढील वाटचाल

सिलोनपाठोपाठ तांबेरा दक्षिण हिंदुस्थानातील मळ्यांवरही पसरला होता. म्हैसूर व कोडगू भागांत कॉफी सावलीच्या झाडांखाली घेण्याची पद्धत रुजली आणि तेथील वर्षातील कोरडा काळही लांब असतो. त्यामुळे नुकसान होऊनही लागवड टिकून राहिली. १९११ मध्ये केंट या मळेवाल्याने म्हैसूरमधील आपल्या मळ्यावर रोगाला तोंड देणारी झाडे निवडून वेगळी वाढविली. केंट्स या नावाने हे वाण सर्वत्र पसरले; काही वर्षांनी मात्र तेही रोगाला बळी पडू लागले. म्हैसूर संस्थानाने १९२५ मध्ये चिकमगळूर जिल्ह्यातील बाळेहोन्नूर येथे कॉफी संशोधन केंद्र स्थापन केले. तेथे विल्सन मेन यांनी १९३०च्या दशकात हेमिलेइयाचेही अनेक वाण असल्याचे दाखवून केंट्सच्या अपयशाचा उलगडा केला. वॉर्ड यांना ब्रोम गवतांवर जे दिसले होते, ते कॉफीच्या कवकालाही लागू होते. या केंद्रात केंट्स आणि एस. २८८ यांच्या संकरातून तयार झालेले एस. ७९५ हे वाण १९४०च्या दशकात लागवडीस आले. भारतातील अरेबिका लागवडीत त्याचा वाटा आजही मोठा आहे.

भारतातील मळ्यांवर तांबेऱ्यासाठी बोर्डो मिश्रणाची फवारणी पावसाळ्यापूर्वी आणि पानांच्या खालच्या बाजूस केली जाते. फवारणीची ही वेळ आणि जागा ज्या कारणांनी ठरते, ती कारणे १८८०-८१ मध्ये पेरादेनिया येथे शोधली गेली होती. १९७० मध्ये ब्राझीलमधील बाहिया प्रांतात तांबेरा आढळला आणि काही वर्षांतच तो लॅटिन अमेरिकेतील बहुतेक कॉफी उत्पादक देशांत पोहोचला. अरेबिका व रोबस्टा यांच्या तिमोर बेटावर सापडलेल्या नैसर्गिक संकरापासून तयार केलेली प्रतिकारक वाणे आता अनेक देशांत लावली जातात. त्यांपैकी काहींचा प्रतिकारही नव्या वाणांच्या कवकापुढे कमी पडू लागला आहे. वॉर्ड यांनी सिलोनच्या जंगलांत शोधलेली हेमिलेइयाची दुसरी यजमान वनस्पती अद्याप कोणालाही सापडलेली नाही.